रोडग्यांचं बोलावणं

माझी माय ऐन आषाढात आंबोलीला निघाली आणि सोबत तिने चाळीस गवऱ्या घेतल्या. शेणाच्या गवऱ्या, आमच्या मोताळ्याच्या उन्हात खडखडीत वाळलेल्या, पोत्यात रचून, वरून प्लास्टिक गुंडाळून. मी म्हटलं, "तठी सरपन भेटत नाई का?" तर म्हणाली, "भेटीन. पन त्याले आपली चव नाई." आता गवरीला कसली चव असते ते तिलाच ठाऊक. मायशी वाद घालण्यापेक्षा मी सुतळी आणली आणि पोत्याचं तोंड शिवून दिलं. मी ब्लाऊज शिवते, पोतं शिवणं त्यात काय मोठं.

नवरा म्हणाला, "रेल्वेत गवऱ्या नेताना पकडलं तर माझं नाव सांगू नका." मी म्हटलं, "नाव सांगण्यासारखं तुमचं आहे काय?" 

आंबोली म्हणजे सावंतवाडीच्या वर, घाटमाथ्यावरचं एवढंसं गाव. चहूकडे बारमाही हिरवं, दाट जंगल आणि पावसाळ्यात वळणावळणाला धबधबे. आमच्या मोताळ्यापासून कुठल्या कुठे. मी ते कधी पाहिलं नव्हतं, पण त्याची खडान्‌खडा माहिती मला लहानपणापासून होती, कारण आंबोलीची एक बाई आमच्या भिंतीला भिंत लावून बारा वर्षं राहिली होती.

ही आमची काकू. काका गुरांच्या दवाखान्यात होते, बदली होऊन मोताळ्याला आलेले. माय तिला "काय व" म्हणायची, ती मायला "काय गो" म्हणायची. व आणि गो दिवसभर चालायचं. पापड लाटताना, तूर निवडताना, एकमेकींच्या नवऱ्यांची उणीदुणी काढताना. मी काकूच्या ओट्यावर जाऊन बसायची ते तिच्या गोष्टी ऐकायला. आमच्याकडे चार महिने सूर्य दिसत नाही, ती सांगायची. ढग खिडकीतून आत येतो आणि भांड्यांवर दव धरतं. कपडे चुलीवर वाळवतात. विजेच्या खांबालासुद्धा शेवाळ येतं. आणि मग आवाज जरा खाली आणून सांगायची की कावळेसाद म्हणून एक कडा आहे, तिथे दरीत पडणारं पाणी वारा आला की उलटं फिरतं, खालून वर येतं, आणि कड्यावर उभ्या माणसाला पायाकडून डोक्याकडे भिजवतं.

मला ते ऐकून अंगावर काटा यायचा. गल्लीतले बाकीचे हसायचे. पाणी खालून वर? आमच्याकडे ते वरून खालीसुद्धा धड येत नाही.

आणि त्या पाण्यावरूनच दोघींचं फाटलं.

त्याला आता वीसेक वर्षं झाली. मी एकोणीस वर्षांची होते. उन्हाळा संपता संपत नव्हता आणि नळ दहा-बारा दिवसांनी येत होता. गल्लीतल्या प्रत्येक दारात ड्रम, आणि प्रत्येक बाईला आपल्या ड्रममध्ये किती बोटं पाणी उरलंय ते तोंडपाठ. त्या दिवशी दुपारी नळ आला. काकूने काय करावं? ड्रमच्या तळाला उरलेलं अर्धी घागर पाणी शिळं झालं म्हणून नालीत ओतलं, ड्रम स्वच्छ खंगाळला, आणि मग तो भरायला लावला. तिच्या गावची सवय. शिळं पाणी टाकायचं, ताजं भरायचं. बारा वर्षं इथे राहून हात तसाच वळला.

मायने ते पाहिलं. नळावर पंधरा बाया होत्या.

"मोठी आली धबधब्यावाली," माय म्हणाली. "अठी घोटभर पान्यासाठी जीव चाल्ला, अन हे बाई नालीत ओतून राह्यली. वरून सांगते काय, आमच्याकडे पानी खालून वर जाते म्हने. फेकू कुठची."

पंधराही बाया हसल्या. काकू एवढंच म्हणाली, "मी खोटं बोलत नाही," आणि ड्रम अर्धा भरलेला सोडून आत गेली. त्या दिवसापासून पोरंसोरं तिला फेकू काकू म्हणायला लागली.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मिटलं असतं. शेजारणींची भांडणं ती किती दिवसांची? पण दुसऱ्या दिवशी शनिवार होता आणि रोडगे होते.

दरवर्षी पेरणीच्या आधीच्या एका शनिवारी आमची गल्ली मागच्या मोकळ्या जागेतल्या मारोतीला रोडगे करते. जाडसर कणकेच्या पोळ्या एकावर एक थापून त्यांचा गोळा वळायचा, गवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा, भाजला की राख झटकून फोडायचा आणि त्यावर तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. त्या वर्षी मान आमच्या घरचा होता, म्हणजे बोलावणारी माझी माय.

आमच्याकडे जेवायला दोनदा सांगतात. आदल्या दिवशी आवतन: दारात जाऊन, कुंकू लावून, "उद्या येजा." आणि स्वयंपाक झाला की दुसऱ्यांदा दारोदार जाऊन "चला जेवाले." हे बोलावणं. आवतन असलं तरी बोलावणं आल्याशिवाय कोणी घरून हलत नाही. आपण होऊन गेलं तर लोक हावरट म्हणतात. म्हणून मंडळी तयार होऊन, आपापला तांब्या भरून, दारात वाट बघत बसतात.

काकूला आवतन शुक्रवारी सकाळी देऊन झालं होतं. भांडण झालं दुपारी. शनिवारी माय मला म्हणाली, "सगळ्यायले सांगून ये. तिच्या दारी थांबू नको."

मी निघाले. काकूचं दार उघडं होतं. ती उंबऱ्यात बसली होती. मोरपंखी साडी नेसलेली, केस नीट बांधलेले, बाजूला घासून लख्ख केलेला तांब्या भरून ठेवलेला. मला पाहून ती उठून उभी राहिली. आणि मी मान खाली घालून तिच्या दारावरून पुढे, पलीकडच्या घरी गेले. तिथे म्हटलं, "चला जेवाले." काकूला ते ऐकू गेलं असणार. परत येताना पाहिलं तर ती पुन्हा तशीच उंबऱ्यात बसली होती.

पुढच्या पंधरवड्यात काकांची बदली झाली. टेम्पो भरला गेला तेव्हा माय घरात डाळ निवडत बसली होती. बाहेर आली नाही. मी तिला त्या मोरपंखी साडीबद्दल कधी सांगितलं नाही. काय सांगणार? मी काही लेकरू नव्हते. मला सगळं कळत होतं.

यंदा जूनच्या शेवटी काकूच्या मुलीचा मेसेज आला. ती गोव्याला असते. कुठून कुठून नंबर मिळवून तिने जुन्या ओळखीच्या सगळ्यांना कळवलं होतं: बाबा मागेच वारले, आई एकटी आहे, गुडघे संपलेत, गणपतीनंतर तिला कायमची माझ्याकडे आणते आहे, आंबोलीचं घर भाड्याने देणार. कोणाला यायचं असेल तर या पावसात या. खाली एक व्हिडिओ. कडा, धुकं, आणि दरीतून वर उसळणारं पाणी.

मी तो दुकानातच पाहिला आणि मशीनवरचा पाय थांबला. माझ्या अंगावर पुन्हा तोच लहानपणचा काटा. मी गिऱ्हाईक बसलेलं सोडून मायकडे पळाले.

मायने चष्मा लावून पाहिला. "हे खरं व्हय?"

"हाव."

"मोबाइलात तं म्हैस बी उडते आजकाल," ती म्हणाली आणि फोन परत दिला. जरा वेळाने म्हणाली, "पुन्हा लाव." असं सात-आठ वेळा झालं.  तिसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "गाडी कुठून भेटते? तिचं एक जेवन राह्यलं माह्याकडे. ते गोव्याले गेली मंग कुठी सापडीन?"

मला नाचावंसं वाटलं. राखीचे ब्लाऊज पडले होते, बायका माझ्या नावाने खडे फोडणार हे ठरलेलं होतं. फोडोत. मी चार दिवस शटर ओढलं, काकूच्या मुलीला कळवलं आणि मलकापूरहून थेट कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीची तिकिटं काढली.

गाडीत मायने पोतं पायाशी घेतलं आणि वर पाय ठेवून बसली. समोरच्या बाईने विचारलं, काय आहे. माय म्हणाली, "सरपन." त्या बाईने मायकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर पाहिलं. मायच्या दुसऱ्या पिशवीत कणीक, तुरीची डाळ, घरचं तूप आणि दोन किलो काटेरी वांगी होती. तिसऱ्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या. जगातल्या सगळ्यात पावसाळी गावाला निघालो होतो आणि ही घरून पाणी घेऊन चालली होती.

कोल्हापूरला सावंतवाडीची एसटी धरली. आजरा गेलं आणि सगळं बदललं. आधी वास आला, ओल्या मातीचा आणि कुजलेल्या पानांचा. मग धुकं. भर दुपारी ड्रायव्हरने दिवे लावले. झाडं रस्त्यावर वाकलेली, आणि झाडांवर झाडं. फांदीवर शेवाळ, शेवाळावर नेच्याची पानं, पानांवरून थेंब. मी तोंड खिडकीला लावून बसले. मला हसू येत होतं, कारण नसताना. खरंच विजेच्या खांबाला शेवाळ होतं. मी मायला कोपर मारून दाखवलं. ती माझ्यावरून वाकून खांब मागे पडेपर्यंत बघत राहिली.

रस्त्याकडेच्या खडकातून एक झरा भळाभळा वाहत होता, खाली नाली भरून चालली होती. माय जागेवरून अर्धी उठली. "कोनी बंद कराले नाई का व हे?"

"ते बंद होत नसते माय."

"मंग खाली भांडं तं लावा."

उतरल्यावर तिने पहिलं काम काय केलं असेल? पिशवीतलं मोताळ्याचं उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि स्टँडमागच्या ओहळावर बाटल्या भरून घेतल्या. चांगलं पाणी फुकट जाताना बघणं तिच्याने होईना. पुढचे तीन दिवस ती जिथे पाणी दिसेल तिथे बाटली भरत राहिली.

काकूचं घर बाजारापासून आत होतं. जांभ्या दगडाचं, कौलारू, पावसाच्या बाजूने भिंतीला प्लास्टिकचा कागद बांधलेला. दारात ती उभी होती. वाळलेली, केस पांढरे, अंगावर शाल. मला ओळखून तिने माझ्या गालावरून हात फिरवला. मग मायकडे पाहिलं.

"इलात?" ती म्हणाली. "या, बसा. प्रवास नीट झाला ना तुमचा?"

तुमचा. मायचा चेहरा पडला. बारा वर्षं गो म्हणणारी बाई तिला तुम्ही म्हणत होती. चहा छान दिला, आलं घालून. गरम पाणी काढून दिलं, अंथरूण घालून दिलं, कोरडे टॉवेल दिले. पाहुण्यांचं जे जे करतात ते सगळं केलं आणि त्यातल्या एकाही गोष्टीत माया नव्हती. माय दोनदा काहीतरी बोलायला गेली आणि दोन्ही वेळा म्हणाली, "लय पाऊस हाय व अठी." काकू म्हणाली, "हो, असतो."

दुसरा दिवस शुक्रवार. सकाळी काकू म्हणाली, "माझे गुडघे चालत नाहीत. तुम्ही दोघी कावळेसादला जाऊन या. रिक्षा सांगितली आहे." आणि दार लावता लावता मायला म्हणाली, "खोटं निघालं तर तिथूनच परत जा."

रिक्षात मी मायला म्हटलं, "चांगलं झालं, तुले असंच पाह्यजे." ती म्हणाली, "तू रस्ता पाह्य."

कावळेसादला पोचलो तर काहीच नव्हतं. खरंच काही नाही. सपाट कातळाचा सडा, पुढे लोखंडी कठडा, कठड्यापलीकडे पांढरं. दरी आहे की भिंत आहे कळेना. जवळच कुठेतरी पाणी पडल्याचा आवाज, आणि निळ्या कागदाखाली मक्याची कणसं भाजणारी एक बाई. माझ्या पायाला जळू लागली होती, ती त्या बाईने मीठ टाकून काढून दिली.

"कुठी हाय?" माय म्हणाली.

"वारा येऊ दे," कणीसवाली म्हणाली. "वारा आल्याबिगर नाही."

आम्ही कठड्याला धरून उभ्या राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं.  मला भीती वाटायला लागली की आज वारा येणारच नाही, माय इथून कोरडी परत जाईल आणि मनात म्हणेल, बरोबरच होतं माझं. मी मारोतीला म्हटलं, बाबा, एकदा फुंकर घाल. तुझ्या बापाचंच तर काम आहे.

आणि खालून आवाज आला. घोंगावत वर. पांढरं फाटलं आणि दरी दिसली, इतकी खोल की मी कठडा दोन्ही हातांनी धरला. शेजारच्या कड्यावरून पाणी खाली पडत होतं, पडता पडता मधेच थांबलं, विस्कटलं, आणि वर निघालं. मी बघतेय ते मला पटेना. पाणी वर येत होतं. सरळ आमच्या अंगावर. आधी पाय भिजले, मग कंबर, मग हनुवटीखालून गार फटका बसला आणि माझी छत्री उलटी होऊन कमळ झाली. मी ओरडत होते काहीतरी, काय ते आठवत नाही. हसत होते, भिजत होते, एकोणीस वर्षांची झाले होते.

मायने छत्री उघडलीच नव्हती. ती कठडा धरून उभी होती, पदर डोक्यावरून उडालेला, नाकपुड्यांतून पाणी. तिने हात पुढे केला, तळवा खाली करून. खालून आलेलं पाणी तळव्यावर आदळत होतं. ती हात उलटा-सुलटा करून पुन्हा पुन्हा बघत होती. कणकेचा अंदाज घेते तशी.

वारा पडला. दरी पुन्हा झाकली गेली.

"खरं बोलत होती व ते," माय म्हणाली. मग एवढंच, "चाल. आवतन द्याचं हाय."

घरी आल्यावर तिने अंग पुसलं, दुसरी साडी नेसली, पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला. आणि घरातून बाहेर पडून, अंगणात जाऊन, पुन्हा पुढच्या दारातून आत आली. काकू भाजी चिरत होती. मायने तिच्या कपाळाला कुंकू लावलं.

"उद्या शनवार हाय. रोडगे हायेत. जेवाले येजो."

"कुठे?" काकू म्हणाली.

"अठीच. तुया मांगच्या पडवीत."

काकूने विळी बाजूला केली. "माझ्या घरात, मला आवतन?"

"हाव." मायने करंड्याचं झाकण लावलं. "पानी वर जाते."

"जातं?"

"जाते."

"बघू," काकू म्हणाली आणि परत भाजी चिरायला लागली. तेवढंच. मला वाटलं आता मिठ्या मारतील, रडतील. कसलं काय. दोघीही एकीपेक्षा एक खडूस.

मग आम्ही मागच्या पडवीत जाऊन पोतं उघडलं, आणि माय मटकन खाली बसली. गवऱ्या फुगल्या होत्या. प्लास्टिक असून दोनच दिवसांत हवेतल्या ओलीने मऊ झालेल्या, काहींवर पांढरी बुरशी. मी एक उचलली तर हातात तिचे दोन तुकडे. काडी लावली तर धूरसुद्धा धड येईना. अर्धी काडेपेटी संपली, काड्याही सादळलेल्या. "मी म्हटलं होतं," मी म्हटलं. काय करू, माझा स्वभाव. माय माझ्याकडे न बघता फुंकत राहिली. फुंकून फुंकून डोळे लाल झाले. "गॅसवर करू," मी म्हटलं. "गॅसवरच्याले रोडगे म्हनत नाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. गवऱ्यांसाठी कोणी रडत नाही. मला कळलं ती कशासाठी रडतेय.

मागून काकूचा आवाज आला. "पोत्यात ठेवतात काय त्या? आमच्याकडे शेणी चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात."

ती गुडघ्यावर हात देत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चुलीच्या वर बांबूची मांडणी टांगलेली होती, धुराने काळी झालेली, त्यावर लाकडं, खोबरं, कोकमं, मिरच्या, सगळं वाळत ठेवलेलं. तिने ती अर्धी रिकामी करायला लावली. मी स्टुलावर चढले आणि चाळीस गवऱ्या, म्हणजे धड उरलेल्या तीसेक, एकेक करून वर मांडल्या. काकूने खाली चूल पेटवली आणि दिवसभर विझू दिली नाही. मायशी बोलली नाही, पण लाकडं सारत राहिली. माय समोर बसून गवऱ्या पालटत राहिली.

शनिवारी सकाळी त्या पुन्हा खडखडीत वाजायला लागल्या. मायने एक कानाशी नेऊन टिचकी मारली आणि हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

पडवीत कोरड्या जागी आर लावला. बाहेर धो धो पाऊस, कौलांवरून पाण्याचा पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे मोताळ्याच्या गवऱ्यांचा निखारा. मी वांगी परतत होते आणि मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्याने गात होते, बेसूर. मायने रोडगे पुरले, पालटले, काढले, राख झटकली. एक फोडून पाहिला. आत पदर सुटलेले, वाफ निघाली. आपल्याकडचाच वास. तिने तूप सोडलं, तीन पानं मांडली, आणि आत तोंड करून हाक दिली, "ये व, वाढलं."

उत्तर नाही.

"गुडघे दुखत असतीन. तू पाह्य," माय म्हणाली.

मी स्वयंपाकघर ओलांडून पुढच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. काकू खाटेवर बसली होती, माझ्याकडे पाठ, पुढच्या दाराकडे तोंड. ठेवणीतली साडी नेसली होती, घडीच्या रेषा अजून मोडलेल्या नव्हत्या. केस ओले करून विंचरलेले. पायाशी तांब्या, घासलेला, काठोकाठ भरलेला. पुढचं दार लावलेलं होतं आणि ती त्या दाराकडे बघत होती.

मी आवाज न करता परत आले.

"माय," मी म्हटलं, "त्या शनवारी बी ते अशीच बसली होती."

"अशी म्हंजे?"

"साडी नेसून. तांब्या भरून. उंबऱ्यात. मले पाहून उठली होती. मी तिच्या दारावरून गेली, थांबली नाई."

मायच्या हातात तुपाची वाटी होती. ती तशीच धरून तिने माझ्याकडे पाहिलं. "वीस वर्सं झाले. आता सांगून राह्यली तू?"

"हाव."

"तुले झोडपलं पाह्यजे," ती म्हणाली. मग म्हणाली, "अन मले बी." वाटी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि मागच्या पायरीवरून सरळ पावसात उतरली. मी म्हटलं, छत्री घे. तिने ऐकलं नाही. घराच्या कडेकडेने, पाण्याच्या त्या धारांतून, ती पुढे गेली.

मी परत स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिले. पुढच्या दाराची कडी वाजली. काकूने कोण म्हणून विचारलं नाही. उठून दार उघडलं आणि पुन्हा खाटेवर जाऊन बसली.

उंबऱ्याबाहेर माय उभी होती, नखशिखांत भिजलेली.

"चाल व बाई, जेवाले," ती म्हणाली. "पंगत बसून राह्यली."

 काकू गुडघ्यावर हात ठेवून वाकली, तांब्या उचलला आणि म्हणाली, "उशीर केलास गो."